अभ्यासपाठ : एका तपासणीने निम्मे मृत्यू टळले, आणि हे दाखवलं आपल्यासारख्याच बायकांनी



मागच्या तिमाही बैठकीला आपण सगळ्या द्वारकाला जमलो होतो. सिन्नरकडच्या एका गाडीने आल्या, ओझर-निफाडकडच्या दुसऱ्या गाडीने. हिशेब झाले, कर्जाचे ठराव झाले आणि चहाच्या वेळी एका ताईने मोबाईल पुढे केला. त्यावर मेसेज होता : "मुलींना कॅन्सरची लस देऊ नका, पुढे मूल होत नाही." खरं का खोटं, यावर बोलणं सुरू झालं. तेवढ्यात कोपऱ्यातली एक ताई हळूच म्हणाली, "माझी जाऊ त्याच कॅन्सरने गेली."

मग तिने सांगितलं. जावेची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. आधी अंगावरून पांढरं जायला लागलं, त्याला वास यायचा. मग अधूनमधून लाल दिसायला लागलं. "वय झालं की होतं असं," म्हणून ती गप्प राहिली. कपडे रात्री धुवायची, कुणाला दिसू नयेत म्हणून. कंबर फारच दुखायला लागली तेव्हा घरच्यांनी नाशिकला आणलं. तोवर आजार आतपर्यंत पसरला होता. जाण्यायेण्याला आणि औषधाला गटातून कर्ज काढलं. ती गेली. हप्ता आता तिची सून भरते आहे.

त्या दिवशी चहा गार झाला आणि आपण सगळ्या गप्प बसलो. म्हणून या अंकाचा पाठ या आजारावर घेतला आहे. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. एका बैठकीत झाला नाही तर दोन बैठकांत घ्या, पण शेवटची कामाची यादी सोडू नका.

हा कॅन्सर होतो कुठे?

आपल्या पोटात गर्भाची पिशवी असते. तिला खाली एक तोंड असतं. बाळंतपणात हेच तोंड उघडतं आणि बाळ बाहेर येतं. या तोंडाला गर्भाशयमुख म्हणतात. तिथे होणारा कॅन्सर म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर.

आपल्या देशात बायकांना सगळ्यात जास्त होतो तो स्तनाचा कॅन्सर. त्याच्या खालोखाल हा. २०२२ या एका वर्षासाठी जागतिक कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे की भारतात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर नव्याने झाला आणि जवळजवळ ८० हजार जणी त्याने गेल्या. वर्षाला ८० हजार म्हणजे दिवसाला दोनशेच्या वर बायका.

आता यातली दुसरी बाजू ऐका. बहुतेक कॅन्सर कशाने झाला हे नक्की सांगता येत नाही. या कॅन्सरचं तसं नाही. याचं कारण सापडलेलं आहे, तो होण्याआधी ओळखता येतो, आणि त्याला रोखणारी लसही आहे. म्हणजे ज्या आजाराने एवढ्या बायका जातात, तो टाळता येण्यासारखा आजार आहे. म्हणूनच त्याबद्दल गप्प राहणं परवडणारं नाही.

कारण काय?

कारण आहे एक विषाणू. त्याचं नाव एचपीव्ही. जर्मनीतले शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी हा संबंध शोधला. त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. या विषाणूचे शंभरावर प्रकार आहेत. त्यातले थोडेच कॅन्सर करणारे. त्यातही १६ आणि १८ नंबरचे दोन प्रकार मुख्य. दहापैकी सात कॅन्सर या दोघांमुळेच होतात.

हा विषाणू नवरा-बायकोच्या संबंधातून येतो. हे वाचून लगेच कुणावर संशय घेऊ नका. हा विषाणू इतका सर्रास आहे की लग्न झालेल्या बहुतेक बायका-पुरुषांना तो कधी ना कधी लागून जातो. अंगात तो वर्षानुवर्षं गप्पही बसतो, त्यामुळे तो कधी आला, कुणाकडून आला, हे सांगता येत नाही. सर्दीचा विषाणू लागला तर आपण लाजतो का? मग याच्यासाठीही लाजायचं कारण नाही.

विषाणू लागला म्हणजे कॅन्सर झाला, असंही नाही. दहातल्या आठ-नऊ जणींचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला आपोआप बाहेर काढतं. थोड्या जणींच्या अंगात मात्र तो मुक्काम ठोकतो. मग गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बिघडायला लागतात. बिघाड सुरू झाल्यापासून खरा कॅन्सर व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात.

पिकाचं उदाहरण घ्या. द्राक्षाच्या पानावर करप्याचा पहिला ठिपका दिसला की आपण फवारणी करतो. घड सडेपर्यंत थांबत नाही. इथे तर निसर्गाने आपल्याला दहा वर्षं दिली आहेत. पण हा ठिपका डोळ्यांना दिसत नाही, दुखत नाही, खुपत नाही. तो शोधावा लागतो. त्यालाच तपासणी म्हणतात.

उस्मानाबादच्या गावांनी काय दाखवलं?

आता जी गोष्ट सांगते, ती आपल्या महाराष्ट्राची आहे आणि जगभरचे डॉक्टर ती अभ्यासतात. आपल्यालाच ती माहीत नाही.

सोलापूर जिल्ह्यात बार्शी आहे. तिथे नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी याच बार्शीत १९८७ साली सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावागावांत जायचे, कुणाला कॅन्सर झाला ते लिहून घ्यायचे. जाता जाता ते लोकांना लक्षणंही सांगायचे. त्याचा परिणाम काही वर्षांतच दिसला. गर्भाशयमुखाचा कॅन्सर घेऊन येणाऱ्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात यायला लागल्या. नवीन मशीन नाही, नवीन औषध नाही. फक्त कुणीतरी घरी येऊन नीट सांगितलं, एवढ्यानेच.

पुढे १९९९ साली याच रुग्णालयाने, मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने आणि जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने मिळून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू केला. त्यात डॉ. आर. शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. भगवान नेने होते. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर निरोगी बायका यात होत्या. शेतात राबणाऱ्या, मजुरीला जाणाऱ्या, बऱ्याच जणी कधी शाळेत न गेलेल्या.

गावांचे चार गट केले. पहिल्या गटातल्या बायकांची एकदा एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली. दुसऱ्या गटात पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन त्या दुर्बिणीखाली पाहणं. तिसऱ्या गटात तिथे सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं. चौथ्या गटाला तपासणी नव्हती. आजाराची माहिती आणि सरकारी दवाखान्याची नेहमीची सोय, एवढंच. बिघाड सापडला त्यांच्यावर उपचार झाले. मग आठ वर्षं या बायकांवर लक्ष ठेवलं. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाला.

निकाल शांतपणे ऐका, आकडे सोपे आहेत.

एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या. त्यांच्यात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले.

तपासणी नसलेल्या गटात ३१,४८८ बायका होत्या. त्यांच्यात ६४ मृत्यू झाले.

म्हणजे आयुष्यात फक्त एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. कॅन्सर सापडलेल्या बायका दोन्ही गटांत सारख्याच होत्या, १२७ आणि ११८. पण पुढच्या टप्प्यात गेलेले पहिल्या गटात ३९ होते, दुसऱ्यात ८२. पहिल्या गटातल्या बायकांचा आजार वेळेवर हाती लागला, एवढाच काय तो फरक. पॅप आणि आम्ल लावून केलेली तपासणी, या दोन गटांत मात्र एकदाच तपासून एवढा मोठा फरक पडला नाही. हेही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी मिळाली नाही, यावर नंतर टीका झाली, आणि ती रास्तच आहे. त्या ६४ जणी कुणाच्या तरी आई होत्या, जावा होत्या. त्यांच्या जिवावर जगाला ज्ञान मिळालं. ते ज्ञान आपल्या दारात येऊनही आपण वापरलं नाही, तर त्यांचं देणं आपल्यावर राहील.

मुंबईचा व्हिनेगर

आम्ल लावून पाहणं म्हणजे काय ते सांगते. चायनीजच्या गाडीवर व्हिनेगर असतं ना? त्यात असतं ते अ‍ॅसेटिक आम्ल. त्याचंच पातळ द्रावण कापसाने गर्भाशयमुखाला लावतात आणि मिनिटभर थांबतात. बिघडलेल्या पेशी असतील तर तिथे पांढरा डाग उठतो. याला व्हीआयए तपासणी म्हणतात. प्रयोगशाळा लागत नाही, निकाल तिथल्या तिथे.

टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांमध्ये हा अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून तयार केलं होतं. दर दोन वर्षांनी तपासणी झाली. बारा वर्षांनी पाहिलं तर या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. २०१३ साली हा निकाल जगापुढे आला.

आता उस्मानाबाद आणि मुंबई शेजारी शेजारी ठेवा. व्हीआयए एकदा केली तर फारसा फरक नाही, पुन्हा पुन्हा केली तर फरक पडतो. एचपीव्ही तपासणी एकदा केली तरी मोठा फरक. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितलं की शक्य असेल तिथे वयाच्या तिसाव्या वर्षापासून एचपीव्ही तपासणी करावी, दर पाच ते दहा वर्षांनी. ती सोय नसेल तर व्हीआयए, पण दर तीन वर्षांनी. आपल्या सरकारच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची व्हीआयए तपासणी ठेवलेली आहे. तेव्हा "मी मागे शिबिरात एकदा केली होती" असं म्हणून थांबायचं नाही. कधी केली ते आठवा आणि पुढची तारीख ठरवा.

एक चांगली बातमीही आहे. एचपीव्ही तपासणी आजवर महाग, बाहेरच्या देशाच्या मशीनवरची होती. २०२५ साली गोव्याच्या मोल्बिओ आणि पुण्याच्या मायलॅब या कंपन्यांच्या देशी तपासण्या पारखून झाल्या आणि त्या योग्य ठरल्या. या तपासणीसाठी नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो. मऊ कांडी आत फिरवायची, डबीत ठेवायची आणि द्यायची. जिला टेबलावर झोपायची लाज वाटते तिच्यासाठी हा मोठा दिलासा आहे. ही सोय आपल्या तालुक्याला कधी येणार, हे विचारत राहणं महासंघाचं काम आहे.

मुलींची लस : अर्धवट राहिलेल्या अभ्यासातून मिळालेलं उत्तर

आता त्या मेसेजकडे येऊ. लसीने मूल होत नाही, हे खोटं आहे. लसीत जिवंत विषाणू नसतो. विषाणूच्या वरच्या टरफलासारखं काहीतरी असतं, ते पाहून शरीर शत्रूला ओळखायला शिकतं. जगात कोट्यवधी मुलींनी ही लस घेतली आहे. त्रास होतो तो दंड दुखण्याचा, थोड्या तापाचा. काही मुलींना सुई पाहून चक्कर येते, म्हणून टोचल्यावर थोडा वेळ बसवून ठेवतात. गरोदरपणात मात्र ही लस देत नाहीत.

लस नऊ ते चौदा या वयात सगळ्यात चांगली. का? कारण विषाणू येण्याच्या आधी पहारेकरी उभा करायचा असतो. चोर घरात शिरल्यावर कुलूप लावून उपयोग नाही. म्हणून आपल्यासारख्या लग्न होऊन पंधरा-वीस वर्षं झालेल्या बायकांना लसीचा फारसा उपयोग नाही. आपल्याला तपासणी, लेकीला लस.

किती मात्रा लागतात, याचं उत्तरही आपल्याच देशातून मिळालं. २००९ साली भारतात नऊ ठिकाणी मुलींना लस देऊन अभ्यास सुरू झाला. त्यात पुणे, मुंबई आणि बार्शी होते. एका गटाला दोन मात्रा, एका गटाला तीन. २०१० साली सरकारने असे अभ्यास थांबवले. कारण आंध्र आणि गुजरातमधल्या दुसऱ्या एका लस प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले होते. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं दिसलं नाही. पण परवानगी नीट न घेता लस दिली, यावर कडक ताशेरे बसले. तेव्हा हेही शिकू या : लस चांगली असली तरी आईला आणि मुलीला समजावून सांगून, त्यांची संमती घेऊनच द्यायची. विचारणं हा आपला हक्क आहे.

अभ्यास थांबला आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळालेली राहिली. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. दहा वर्षं लक्ष ठेवलं. २०२१ साली निकाल आला : १६ आणि १८ नंबरचा विषाणू अंगात टिकून राहण्यापासून एका मात्रेनेही ९५ टक्के संरक्षण मिळालं, म्हणजे दोन-तीन मात्रांइतकंच. असे पुरावे जमा झाल्यावर २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्राही चालेल असं सांगितलं. ज्या मुलींची प्रतिकारशक्ती कमी आहे, उदाहरणार्थ एचआयव्ही असलेल्या, त्यांना मात्र जास्त मात्रा लागतात.

लसीने खरोखर कॅन्सर थांबतो का? स्कॉटलंड देशात २००८ पासून शाळेतल्या मुलींना लस देतात. २०२४ साली त्यांनी हिशेब मांडला. बाराव्या-तेराव्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुलींमध्ये गर्भाशयमुखाचा एकही कॅन्सर सापडला नाही.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'सर्व्हाव्हॅक' नावाची देशी लस बनवली. जानेवारी २०२३ मध्ये ती आली. तेव्हा बाजारात एका मात्रेची किंमत २,००० रुपये ठरली. मजुरी करणाऱ्या घराला हे जड आहे. म्हणून आधी आशाताईला विचारा, की सरकारी लसीकरणात आपल्या मुलीचा नंबर कधी आहे. बाजारातून घ्यायची झाली तर किती मात्रा घ्यायच्या ते लसीवर आणि मुलीच्या वयावर ठरतं, डॉक्टर सांगतील तसं करा. आणि लस घेतलेल्या मुलीनेही तीस वर्षांची झाल्यावर तपासणी करायचीच.

मग अडलंय कुठे?

कारण माहीत आहे, तपासणी आहे, लस आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय दिसलं? देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमध्ये ही तपासणी कधीतरी केलेल्या दोनसुद्धा नव्हत्या.

आपल्या द्वारका चौकाचंच पाहा. एवढी गर्दी, चारी बाजूंनी गाड्या. पायी जाणाऱ्यांसाठी खालून भुयारी मार्ग बांधला होता. त्यातून गेलेल्या आपल्यात किती? आपण वरूनच जीव मुठीत धरून, पदर खोचून पळत सुटतो. माणूस वेडा म्हणून नाही पळत. खाली अंधार असेल, घाण असेल, कुणी भेटेल, ही भीती असते. रस्ता नुसता बांधून चालत नाही. तो उजेडाचा हवा आणि सोबत कुणी हवं.

तपासणीचं तसंच आहे. "पुरुष डॉक्टर असतील." "पडदा नसेल." "काही निघालं तर घरात काय सांगू?" "काम बुडेल." ही कारणं खोटी नाहीत. पण उस्मानाबादच्या त्या गावांत काय झालं होतं माहीत आहे? बोलावलेल्या दहा बायकांतल्या जवळजवळ आठ जणी तपासणीला आल्या होत्या. पंचवीस वर्षांपूर्वी, आपल्यापेक्षा कमी शिकलेल्या बायका. कारण तपासणी गावात आली होती, कार्यकर्ती घरी येऊन समजावत होती, आणि शेजारणीही निघाल्या होत्या. एकटी बाई जात नाही, दहा जणी मिळून जातात. आणि दहा जणींचा गट तर आपल्याकडे तयारच आहे.

पिशवी काढायची घाई करू नका

एक सावधगिरी. तपासणीत काही निघालं की लगेच "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" असं कुणी म्हणालं, तर थांबा. बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन केलं, असं बऱ्याच जणींनी सांगितलं. कमी वयात पिशवी गेली की, विशेषतः बीजकोशही काढले की, हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, कामाची ताकद जाते.

खरं काय ते ऐका. उस्मानाबादमध्ये एचपीव्ही तपासलेल्या दहा जणींतल्या साधारण एकीलाच विषाणू सापडला, आणि त्यातल्याही बऱ्याच जणींना उपचाराची गरज नव्हती. पुढची तपासणी करून नुसता पेशींचा बिघाड निघाला, तर तेवढाच भाग थंड करून, गरम करून किंवा तारेच्या फाशाने काढतात. काही मिनिटांचं काम. बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी. पिशवी जागेवर राहते. तेव्हा ऑपरेशन सांगितलं तर तपासणीचा कागद हातात मागा आणि सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्या.

तपासणीला जाताना

पाळी चालू असताना जाऊ नका. आधीचे दोन दिवस संबंध टाळा, आतमध्ये औषध ठेवू नका. तपासणी पाच-दहा मिनिटांची असते. थोडं अवघडल्यासारखं वाटतं, पण फारसं दुखत नाही. बाईच तपासायला हवी, पडदा हवा, सोबत मैत्रीण हवी, असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच जा :

– पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसणं
– संबंधानंतर रक्त जाणं
– दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं
– अंगावरून वासाचं, पाण्यासारखं किंवा रक्त मिसळलेलं जाणं
– ओटीपोट, कंबर सतत दुखणं आणि वजन उतरणं

यातलं काही झालं म्हणजे कॅन्सरच असतो असं नाही. साधा संसर्गही असेल. पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं.

आधी गावचं उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून ग्रामीण रुग्णालय. पुढची गरज लागली तर नाशिकचं जिल्हा रुग्णालय आणि शालिमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय. कॅन्सर निघालाच तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, आधी त्यांना भेटा. सावकाराकडे जाण्याआधी हे करा. आणि एसटीचं तिकीट आपल्याला अर्धंच आहे, हे विसरू नका.

गटाने या महिन्यात करायची कामं

१. गटातल्या ३० वर्षांवरच्या सभासद किती, त्यातल्या तपासणी झालेल्या किती, एवढे दोन आकडे वहीत लिहा. कुणाचा निकाल काय आला ते लिहायचं नाही. तो ज्याचा त्याचा.

२. आशाताईला किंवा उपकेंद्राच्या मॅडमना बैठकीला बोलवा. तीन गोष्टी विचारा : व्हीआयए कुठल्या दिवशी होते? तपासायला बाई असते का? मुलींच्या लसीचं काय?

३. एक दिवस ठरवा आणि सगळ्यांनी मिळून जा. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार' अभियानात शिबिरं झाली, तशी पुन्हा होतील तेव्हा गटाने मिळून नाव द्या. शिबिराची वाट पाहत मात्र बसू नका.

४. जिला पुढच्या तपासणीला नाशिकला पाठवलं, तिच्यासोबत एकीने जायचं. प्रवासाला पैसे कमी पडले तर गटातून द्यायचे. ही रक्कम लहान असते. उशीर झाल्यावरचं कर्ज मोठं असतं.

५. सासूबाई, आई, वस्तीवरच्या एकट्या बाया, ज्या गटात नाहीत, त्यांनाही सांगा. पाळी गेली म्हणजे हा धोका गेला, असं नाही.

चर्चेसाठी दोन प्रश्न : आपल्या गावात बाई हा त्रास सगळ्यात आधी कुणाला सांगते? आणि तपासणीला जायला तिला नेमकं काय अडवतं? उत्तरं लिहून महासंघाकडे पाठवा. पुढच्या तिमाही बैठकीत ती घेऊन आपण आरोग्य अधिकाऱ्यांना भेटू.

त्या ताईने आपल्या जावेचं जे सांगितलं, ते सांगायला तिला फार जड गेलं. ती म्हणाली, "तिने मला एका शब्दाने सांगितलं असतं, तरी मी तिला घेऊन गेले असते." पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने शेजारणीला एवढं एकदा विचारून या : "तुझी तपासणी झाली का गं?"